अकरा दिवस अळणी

लारिपे गावात किन्वा धुवावा तर कोन्सुएंच्या फिदेलियानेच, असं आमच्याकडे पूर्वी म्हणत. किन्वाच्या दाण्याला वरून कडू साल असते. ती गेली नाही तर घास तोंडात ठेववत नाही. बाकीच्या बाया तीन पाणी, फार तर चार पाणी काढून मोकळ्या होत. फिदेलिया सात पाणी काढायची. ओढ्याचं बर्फासारखं पाणी, त्यात कोपरापर्यंत हात, आणि फेस संपेपर्यंत चोळणं. हात लालेलाल व्हायचे, पण बाई मागे हटायची नाही. लग्नाकार्याला लोक तिच्याकडून किन्वा धुऊन न्यायचे. आता धुतलेला पिशवीत मिळतो. धुतलेला म्हणे! असो, तो विषय काढला की डोकं फिरतं.

तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सालारवर, म्हणजे आमच्या मिठाच्या मैदानावर, तेव्हा आजच्यासारखी नजर पोचेल तिथवर तळी नव्हती. ते अजस्र ट्रक नव्हते, ती हेल्मेटवाली पोरं नव्हती. एक पत्र्याची खोली, चार चिमुकली तळी, एक कुरकुरणारा पंप आणि एक खोकणारे गृहस्थ, एवढाच सगळा पसारा. गृहस्थांचं नाव रेनातो किरोस. समुद्रकाठच्या अंतोफागास्ता शहराहून आलेले रसायनाचे जाणकार. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, कारण ते कुणालाही काहीही शिकवायला बसायचे, ऐकणारं गाढव असलं तरी. सालारच्या पोटातलं खारं पाणी वर काढून, उन्हात आटवून त्यातून लिथियम निघतं का, हे बघायला त्यांना पाठवलेलं होतं. तळाशी मिळालेली पांढरी भुकटी धुवायला त्यांना स्वच्छ हाताची बाई हवी होती. गावाने एकमुखाने नाव सांगितलं.

पहिल्याच दिवशी फिदेलियाने घोळ घातला. मास्तरांनी तिच्यापुढे दोन ओंजळी भुकटी ठेवली, म्हणाले, "ही नीट धू. मिठाचा कणसुद्धा राहता कामा नये," आणि ते तळ्यांकडे निघून गेले. शेगडीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं. फिदेलियाला वाटलं, मास्तरांच्या चहाचं असणार. रॉकेल तेव्हा लांब कलामा शहराहून यायचं, आणि दुसऱ्याचं सरपण वाया घालवणं म्हणजे आमच्याकडे चोरीच. तिने पातेलं उतरवलं, आच बंद केली आणि गार पाण्याचा हंडा पुढ्यात ओढला. मग काय, बाईचा हातखंडा! एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी. सातवं पाणी काढेपर्यंत फडक्यावर निम्मी भुकटी उरली होती. कुणी चोरली म्हणावं तर खोलीत ती एकटीच.

मास्तर आले, फडकं बघितलं, मटकन स्टुलावर बसले.

"अगं बाई, काय केलंस हे?"

"धुतली."

"कशानं?"

"पाण्यानं! मग काय वाइननं धुऊ?"

मास्तर हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत हसले. मग विचारलं, "धुतलेलं पाणी फेकलंस?"

हा काय प्रश्न झाला? आमच्याकडे पाणी कोण फेकतं? सगळं बादलीत होतं, निवळशंख. मास्तरांनी ते पातेल्यात ओतलं, शेगडी पेटवली आणि तिला म्हणाले, बघत बस. ती बघत बसली. पाणी तापलं, उकळी फुटायला लागली, आणि त्या स्वच्छ पाण्यात कुठूनसं पांढरं धुकं उतरलं. तळाला कण बसायला लागले. पाणी आटत गेलं तशी भुकटी वाढत गेली.

"साखर घे, साधं मीठ घे," मास्तर म्हणाले, "गरम पाण्यात जास्त विरघळतात. हे लिथियमचं कार्बोनेट उलट्या डोक्याचं. थंडात लपतं, तापवलं की बाहेर येतं. म्हणून याला उकळत्यानं धुवायचं. कळलं?"

"कळलं," फिदेलिया म्हणाली. "आमच्या घरी पण आहे एक उलट्या डोक्याचा."

घरी होता आन्सेल्मो, तिचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ती सोळाची. तिनेच त्याला वाढवलं. पोरगा गोड, गळा सुरेल, हात कष्टाळू. पण विशी ओलांडली आणि त्याचं बिनसायला लागलं. कधी महिना महिना भिंतीकडे तोंड करून पडायचा, घास भरवावा लागायचा. आणि कधी अंगात वारं शिरल्यासारखा उठायचा: झोप नाही, बोलणं थांबत नाही, एकदा गोठ्यातल्या सगळ्या मेंढ्या रस्त्याने जाणाऱ्यांना वाटून टाकल्या. एकदा सालारच्या मधोमध खड्डा खणत बसला, समुद्र खाली आहे म्हणून. ओठ फुटून रक्त येईपर्यंत खणत होता. एका ट्रकवाल्याने फिदेलियाला मागणी घातली होती; तो खड्डा बघून तो जो गेला तो परत फिरकलाच नाही. फिदेलियाने त्याच्यासाठी एक टिपूस गाळलं नाही, निदान कुणाला दिसेल असं तरी नाही.

लारिपेत वेड्याला दगड मारत नाहीत, तेवढी माणुसकी आहे. पण त्याच्या हाती काही सोपवतही नाहीत. आन्सेल्मोला लग्नात गाऊ द्यायचे, मेंढ्या कातरायला बोलवायचे, आणि जबाबदारीची गोष्ट निघाली की त्याच्या डोक्यावरून पलीकडच्याशी बोलायचे. हे फिदेलियाच्या जिवाला फार लागायचं.

एक्याऐंशी साली अंतोफागास्ताच्या डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या. सकाळी एक, रात्री एक, दर महिन्याला कलामाच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासायचं. आत आन्सेल्मो एकटाच गेला होता; फिदेलिया बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसली होती. घरी आल्यावर तिने डबीवरचं नाव अक्षर जुळवत वाचलं आणि तिचे डोळेच विस्फारले. दुसऱ्या दिवशी एक गोळी रुमालात बांधून ती कामावर घेऊन गेली.

"मास्तर, हे तेच का?"

मास्तरांनी गोळी चाकूने खरवडली, तार ओली करून त्या पिठात बुडवली आणि दिव्याच्या ज्योतीत धरली. निळी ज्योत एकदम लाल झाली, पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल.

"तेच," मास्तर म्हणाले. "आपल्या तळ्यातलं नव्हे, लांबून कुठून आलेलं. पण जात तीच."

"मग हे डोक्यात जाऊन करतं काय?"

"ते मला माहीत नाही. खरं सांगू का, डॉक्टरांनाही नीट माहीत नसावं. पण करतं."

आणि खरंच केलं. दोन महिन्यांत आन्सेल्मो माणसात आला. फिदेलिया त्या भुकटीशी तेव्हापासून अशी वागायची की जशी ती घरातली कुणी थोरली बाई आहे. मास्तर शिकवायचे आणि ही टिपकागदासारखी टिपून घ्यायची. धातू म्हणून लिथियम कसं असतं, तेही त्यांनी एकदा दाखवलं. काचेच्या बरणीत तेल, आणि तेलावर तरंगणारा राखाडी तुकडा. तेलावर तरंगणारा धातू! मास्तरांनी तो बाहेर काढून चाकूने कापला, तर बकरीच्या चीजसारखा कापला गेला. आतून चांदी चमकली. "वाः!" म्हणेपर्यंत ती चांदी काळवंडायला लागली. खपली पाण्यात टाकली तर फसफसत वाटीभर पळत सुटली आणि संपून गेली.

"याला एकटं राहवतच नाही," मास्तर म्हणाले. "हवा दिसली हवेला धरेल, पाणी दिसलं पाण्याला. म्हणून निसर्गात हे सुटं कधी सापडत नाही, कुणाशी तरी जोडलेलंच असतं."

लिथियमच्या क्लोराइडची तर तऱ्हाच निराळी. आमच्या हवेत माणसाच्या ओठाला ओल मिळत नाही, आणि ते पोरगं बशीत उघडं ठेवलं की त्याच हवेतून पाणी ओढून चिंब होऊन बसायचं. फिदेलिया त्याला "तहानलेलं मेलं" म्हणायची.

पण तिचं खरं काम तळ्यांवर. पंपाचं पाणी पहिल्या तळ्यात यायचं ते आभाळासारखं निळं. ऊन लागलं की त्यातलं साधं मीठ आधी खाली बसायचं, पांढरा थर धरायचा. मग पाणी दुसऱ्या तळ्यात, मग तिसऱ्या. शेवटच्या तळ्यात पाणी पिवळं, तेलकट, बोटाला बुळबुळीत लागणारं. मास्तर सांगायचे, "लिथियम आणि मिठातलं सोडियम एकाच घरातली भावंडं. चेहरामोहरा सारखा, हे धाकटं आणि हलकं. मोठं भावंड बाहेर पडलं की धाकटं मागे दाट होत जातं. आपण काही वेगळं करत नाही बाई, फक्त मीठ काढून घेतो." रोज सकाळी ती चारही तळ्यांतलं पाणी बाटलीत भरून तोलायची आणि दाटपणा पाटीवर लिहायची. तिला त्या कामाचा भारी अभिमान होता. पत्र्याच्या त्या खोलीतली ती वर्षं आठवली की अजून तिचा चेहरा उजळतो. म्हणते, तेव्हा मला कुणी काही शिकवत होतं.

चौऱ्याऐंशी साल उजाडलं. आन्सेल्मोला बरं होऊन तीन वर्षं झाली होती. सप्टेंबरात गावाची बैठक भरली, ऑक्टोबरातल्या कालवा-सफाईसाठी कप्तान निवडायला. डोंगरावरून येणारा कालवा म्हणजे लारिपेचा जीव. वर्षातून एकदा पाणी बंद करून सगळे पुरुष त्यातला गाळ उपसतात, तिसऱ्या दिवशी गाणं म्हणून पाण्याला हाक घालतात आणि बांध फोडतात. कप्तान हातात काठी घेऊन पुढे चालतो, प्रत्येकाचा वाटा काठीने मोजून देतो, आळश्याला सगळ्यांदेखत शिव्या घालतो, आणि त्या दिवसांत म्हाताऱ्यांनीही त्याचं ऐकायचं असतं. गावचे थोरले होते ताता नेमेसिओ. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "यंदा कोन्सुएंचा आन्सेल्मो."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग शेजारची एर्मिनिया, जिची जीभ कात्रीसारखी चालायची, ती शालीचं टोक तोंडाशी नेऊन पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "येड्याच्या हाती काठी! पाणी उलटं डोंगर चढेल यंदा."

"चढू दे," फिदेलिया तिथल्या तिथे म्हणाली. "तुझ्या अंगणापर्यंत आलं की तोंड धुऊन घे त्यात."

लोक हसले, पण फिदेलियाच्या काळजात ते वाक्य रुतलं. बैठकीतच कप्तानाची काठी आन्सेल्मोच्या हाती दिली गेली. घरी आल्यावर त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली, मग उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, मग परत पहिल्या कोपऱ्यात आणली. चौतीस वर्षांचा बाप्या, पण हाताला चैन नव्हती.

आता एक नियम आहे. गोड्या पाण्याला बोलवायचं तर खारट तोंड चालत नाही, म्हणून पाणी सुटण्याआधी तीन दिवस कप्तान मीठ खात नाही. फिदेलियाने ठरवलं, तीन कसले? कुणाला बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही. तिने डोंगराला नवस बोलला, अकरा दिवस. पातास्का, म्हणजे मक्याचा आणि मांसाचा रस्सा, तिने अळणी केला. वाळवलेलं खारं मांस शिंक्यावर चढवलं, चीज उचलून ठेवलं. भावाला सांगितलं, "मी बोललेय. अकरा दिवस. गावाला दाखवून देऊ."

आन्सेल्मोने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाला, आणि वाटी पुढे केली.

ते दिवस फिदेलियाच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, हे ती आजही कबूल करते, आणि कबूल करताना तिला रडू येतं. सकाळी पाणी भरायला निघाली की मान ताठ. चौकात कुणी विचारो न विचारो, "आमचा आन्सेल्मो अकरा दिवस पाळतोय बरं का!" म्हातारे मान डोलवायचे. एर्मिनियाची बोलती बंद झाली होती. आणि गोळ्या? त्या मात्र फिदेलिया स्वतः मोजून द्यायची, सकाळी एक, रात्री एक. कप्तानाचं डोकं जागेवर राहायला हवं ना! फक्त त्या महिन्याचं रक्त तपासायचं राहिलं. सफाई झाली की जाऊ, असं दोघांचं ठरलं.

सातव्या-आठव्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले. ती म्हणाली, घाबरलायस का रे? तो हसला. नवव्या दिवशी कालव्याचं काम सुरू झालं आणि तो दिवसभर उन्हात घाम गाळत फिरला. दहाव्या दिवशी पोटात ठरेना. तिने रिकारिकाचा, म्हणजे आमच्याकडच्या वासाच्या झुडपाचा, काढा करून दिला, अर्थात अळणी. अकराव्या दिवशी सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता येईना, तिने बांधली. दुपारी पाणी सुटायचं होतं. पाण्याला हाक घालेपर्यंत बायांनी कालव्यावर जायचं नसतं, म्हणून ती सकाळची पाळी करून यावी म्हणून सालारवर गेली.

शेवटच्या तळ्याचं पाणी तिने बाटलीत भरलं, तोललं, पाटीवर लिहिलं. मास्तर मागून डोकावले.

"छान! आठवडाभरात केवढं दाट झालं बघ. मीठ सगळं बसलं खाली, आता नुसतं लिथियम."

इतक्यात एर्मिनियाचा नवरा सायकल मारत आला. धापा टाकत म्हणाला, "फिदेलिया, तुझा कप्तान ढोसून आलाय. सरळ उभं राहता येत नाही, जीभ जड झालीय, काठी दोनदा हातातून पडली. ताता नेमेसिओ लालबुंद झालेत. येऊन ने त्याला."

"तो पीत नाही!"

"मग वारं शिरलं असेल परत."

फिदेलियाच्या हातात अजून ती बाटली होती. ती बाटलीकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून शब्द फुटला तो अगदी बारीक.

"मास्तर, मीठ काढून घेतलं की हे दाट होतं ना? माणसात पण होत असेल का हो?"

मास्तरांना आधी कळलंच नाही. कळलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "किती दिवस मीठ बंद आहे?"

"अकरा."

"आणि गोळी?"

"मीच देत्येय. दोन्ही वेळा. मोजून."

"अगं, मी डॉक्टर नाही, मला खात्रीनं काही सांगता येणार नाही," मास्तर जीपच्या किल्ल्या शोधत म्हणाले, "पण मला हे अजिबात आवडत नाही. चल. चल लवकर!"

कालव्याच्या बांधावर सगळं गाव जमलं होतं. वाइन शिंपडून झाली होती, कोकाची पानं वाहून झाली होती, गाणं सुरू होतं. आन्सेल्मो दगडाला टेकून उभा होता. पाय फाकलेले, हनुवटी थरथरतेय, ओठाच्या कडेला लाळ. काठी मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. फिदेलिया सरळ पुरुषांच्या घोळक्यात घुसली.

"याला दवाखान्यात न्यायचंय."

"पाण्याला हाक घातलीय," ताता नेमेसिओ म्हणाले. "आता कप्तान जागचा हलत नाही."

"ताता, हा प्यालेला नाही. याच्या अंगात विष झालंय. मी केलंय. मीठ तोडून केलंय."

"मिठाचं नाव इथे काढू नकोस! तासाभराचा प्रश्न आहे, पोरी. पाणी सुटलं की ने."

"आणि तोवर हाच सुटला तर?"

"आज हा गाडीत बसला तर कोन्सुएंच्या घरात पुन्हा काठी येणार नाही. समजून बोल."

"नको येऊ दे," फिदेलिया म्हणाली. "पाणी पुढच्या वर्षीही येईल. भाऊ मी कुठून आणू?"

आन्सेल्मोने मान वर केली. शब्द एकमेकांत अडकत होते, पण बहिणीला कळले. "फिदे, पाणी सुटू दे. मग येतो."

तिने त्याच्या बोटांतून काठी सोडवली. एकेक बोट उचलून सोडवली, कारण तो सोडत नव्हता. ती ताता नेमेसिओंच्या हातात दिली, आणि भावाला काखेत धरून जीपकडे ओढत नेलं. मास्तरांच्या डब्यात खारा रस्सा होता. गाडीचं दार उघडंच होतं, अख्खं गाव बघत होतं, आणि तिने सगळ्यांदेखत पहिला घोट त्याच्या तोंडाला लावला. मागून बायांचा "अरे देवा!" ऐकू आला.

कलामाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त बघितलं आणि कपाळाला हात लावला. नळीतून थेंब थेंब मिठाचं पाणी त्याच्या अंगात सोडलं, पाच दिवस. त्यांनी फिदेलियाला समजावून सांगितलं: शरीराला मीठ कमी पडलं की मूत्रपिंड दिसेल ते मीठ धरून ठेवतं. लिथियम त्याला मिठासारखंच दिसतं. मग रोजचं लिथियम बाहेर जातच नाही, साठत जातं. आणखी एक दिवस गेला असता तर हाती काही लागलं नसतं. फिदेलियाला नवीन त्यात काहीच नव्हतं. चार वर्षं ती रोज सकाळी हेच पाटीवर लिहीत होती.

आन्सेल्मो वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही. हाताची थरथर कायमची राहिली, चालताना पाय रुंद पडायचे, होडीतल्या माणसासारखे. गोळी बदलली, नव्या गोळीनेही डोकं ठीक राहिलं. गळा मात्र गेला, सूर धरवेना. त्या वर्षी पाणी कमी आलं, ते कुणामुळे हे सांगायला एर्मिनिया होतीच. सहा-सात महिने गावातली निम्मी घरं फिदेलियाशी बोलली नाहीत. ताता नेमेसिओंनी शब्द पाळला, काठी पुन्हा त्या घरात आली नाही. मास्तरांचा खोकला वाढला, ते शहाऐंशीत गेले, म्हणजे गाव सोडून गेले. पत्र्याची खोली पाडली, तिथे आता कसलंसं भलंमोठं गोदाम आहे. फिदेलिया नव्या कारखान्यात आणखी वीस वर्षं उकळत्या पाण्याने धूत राहिली.

भावापाशी मात्र तिने त्या अकरा दिवसांचं नाव काढलं नाही. एकोणीस वर्षं नाही. त्याला बशी दोन्ही हातांनी धरावी लागायची, चहा सांडायचा, आणि ती उठून पुसायची. प्रत्येक वेळी मनात म्हणायची, हे मी केलं. आपल्या हातांनी केलं. गावात नाक वर करून चालावं म्हणून केलं.

शेवटी दोन हजार तीनच्या हिवाळ्यात, दोघं चुलीपाशी मका सोलत बसली होती. त्याच्या हातून कणीस तिसऱ्यांदा निसटलं आणि हिच्या तोंडून बाहेर पडलं.

"आन्सेल्मो, तुझ्या हातांचं वाटोळं मी केलं रे. नियम तीनच दिवसांचा होता. अकरा माझा हट्ट. मला माहीत नव्हतं."

तो कणीस शोधत होता. सापडल्यावर मांडीवर ठेवलं.

"तुला नव्हतं माहीत. मला होतं."

"काय होतं?"

"डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मीठ सोडायचं नाही. उपास धरायचा नाही. घाम गेला तर जास्तच खायचं. तू बाहेर बाकावर बसली होतीस."

फिदेलियाच्या हातातली सुरी तशीच राहिली. "मग मेल्या, बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू त्याच संध्याकाळी काठी परत नेऊन दिली असतीस." त्याने तिच्याकडे बघितलं. "दिली असतीस की नाही?"

खोटं तिला कधी बोलताच आलं नाही. "दिली असती," ती म्हणाली.

"बघ. चौतीस वर्षांत माझ्या हातात कुणी काही दिलं नव्हतं. मला वाटलं, अकरा दिवस निघतील. निघाले असते, एक तास कमी पडला."

एकोणीस वर्षांचं ओझं उतरलं म्हणून फिदेलियाला हलकं वाटायला हवं होतं. तिला संताप आला. तिने हातातलं फडकं त्याच्या पाठीत मारलं, एकदा, दोनदा, मग त्याच फडक्यात तोंड घालून रडली. तो थरथरत्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटत राहिला. पुढच्या वर्षी झोपेतच गेला.

हल्ली कारखान्यातल्या शिकाऊ मुली कधी कधी तिच्याकडे येतात, जुन्या तळ्यांचं विचारायला. भिंतीवर आन्सेल्मोचा एक फोटो आहे. हे कोण, काय करायचे, असं त्या विचारतात. फिदेलिया सांगते, "माझा भाऊ. लारिपेच्या कालव्याचा कप्तान होता." दाराशी बसलेली म्हातारी एर्मिनियासुद्धा तिला खोटं पाडत नाही.